टिंब एक, सप्तकं दोन

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या गाण्याच्या क्लासांत बंदिशींची नोटेशनं हल्ली व्हॉट्सॲपवरही फिरतात. वहीत काही अडत नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल, ‘म’वरची उभी रेघ म्हणजे तीव्र, टिंब खाली असेल तर मंद्र सप्तक, वर असेल तर तार. मोबाइलवर मात्र हेच टिंब घोटाळा करतं.

तार षड्ज आपण ‘सां’ असा टाइप करतो. मोबाइलच्या लेखी तो अनुस्वार! मंद्र गंधारासाठी ‘ग’खाली टिंब, म्हणजे नुक्ता, दिला, की तो आणि ‘ग़ज़ल’चा ‘ग़’ एकच. कोमल ‘रे॒’ची रेघ वेदपठणातल्या अनुदात्ताची, उसनी आणलेली. डोळ्यांना सगळं बरोबर दिसतं. पण हा मजकूर वाजवून दाखव म्हटलं, तर सॉफ्टवेअरला त्यात सूर सापडत नाहीत.

याउलट पाश्चात्त्य संगीतात हार्प या तंतुवाद्याच्या खुणांची सोय कशी लावली ते पाहण्यासारखं आहे. हार्पला सात पेडल असतात, सात स्वरांना एकेक. पेडल वर असलं की स्वर कोमल, मध्ये शुद्ध, खाली तीव्र. ही स्थिती छोट्या आकृतीने छापतात. स्टाइनबर्ग कंपनीने २०१३मध्ये मांडलेल्या ‘स्मफल’ या संगीत-फॉन्टच्या प्रमाणात त्या आकृतीला चार चिन्हं पुरली: वर, मध्य, खाली आणि दोन पायांची पेडलं वेगळी दाखवणारी रेघ. प्रत्येकाला नाव आणि क्रमांक ठरलेला. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अर्थ हलत नाही.

आपल्याकडे नुसतं चिन्ह रेखाटणंही सोपं नाही. दरबारी रागातला मंद्र कोमल निषाद घ्या. वर वेलांटी, खाली रेघ, रेघेखाली टिंब. अक्षर लहान केलं की रेघ आणि टिंब चिकटतात. म्हणून कोणती खूण अक्षरापासून किती अंतरावर बसेल, हे फॉन्टमध्ये आधीच नेमून द्यावं लागतं.

त्यात पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत वरचं टिंब मंद्र सप्तकाचं आणि तार सप्तकाला उभी रेघ! तेव्हा संगणकात टिंब नव्हे, ‘मंद्र निषाद, कोमल’ अशी माहिती साठवायला हवी. मग तीच बंदिश एकाला भातखंडे पद्धतीत छापून मिळेल आणि दुसऱ्याला पलुस्कर पद्धतीत.