अकरा फ्रेमची म्हातारी

महोत्सव जवळ आला की आमच्यासारख्यांची तयारी पंधरा दिवस आधीच सुरू होते. रोज रात्री जेवणं उरकली की यादीतल्या दोन-चार चित्रपटांचे ट्रेलर लावायचे आणि नावांपुढे खुणा करायच्या: बघायचाच, जमलं तर, सोडला. गेल्या जानेवारीत एका चित्रपटापुढे मी दोनदा खूण केली, ती एका कुत्र्यापायी. कुठल्याशा बाल्कन खेड्यात बर्फावरून काळा कुत्रा जीव खाऊन पळतोय, मागे घंटा घणघणतेय, आणि एकदम अंधार. एवढ्या भांडवलावर मी थंडीत सकाळी आठला रांगेत उभा राहिलो. चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा. त्यात एक माणूस मेलेल्या भावाच्या घराचं छप्पर शाकारत होता. कुत्रा अगदी शेवटी आला, चार सेकंद पळाला, संपला. घंटा तर अख्ख्या चित्रपटात नव्हती.

चित्रपट वाईट होता असं मुळीच नाही. ते छप्पर मला अजून आठवतं. पण पहिला तासभर मी कुत्र्याची वाट बघत बसलो होतो, आणि माझ्या पुढच्या रांगेतली चार माणसं बहुधा त्याच कुत्र्याची वाट बघून उठून गेली. ही घंटा कोण वाजवतं, ते एकदा बघायचं मी तेव्हाच ठरवलं.

ओळखीच्या एका दिग्दर्शकाच्या मराठी चित्रपटाचा ट्रेलर कोथरूडमध्ये कापला जात होता. चित्रपटाचं नाव छापायचं नाही, या बोलीवर त्याने मला तिथे बसू दिलं. दोन खोल्यांचा फ्लॅट, आतल्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद, भिंतींना जुन्या गाद्या. खाली पिठाची गिरणी. खोलीत पाऊल टाकलं की गरम ज्वारीच्या पिठाचा वास यायचा. एसी लावला की तो कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा. दहा ते एक गिरणी चालू, म्हणून आवाजाचं नाजूक काम दुपारनंतर.

कापणारी मुलगी तिशीच्या आतली, बार्शीकडची. मला पहिल्या मिनिटाला 'सर' म्हणाली, चहा आल्यावर 'काका'. तिने अख्खा चित्रपट आधी आवाज बंद करून पाहिला होता, मग चित्र बंद करून नुसता ऐकला होता. मग निवडलेले तुकडे वेगळे काढले, वाक्यं एका ओळीत मांडली आणि त्यांच्यावर चित्रं बसवत गेली. ट्रेलर आवाजावर उभा राहतो, चित्रं नंतर येतात, हे मला तिथे कळलं. चढत जाणारा सूर म्हणजे राइझर, तो संपला की धप्प होतं ते हिट, मग काळा पडदा. माझी घंटा त्या धप्पच्या घराण्यातली.

एका प्रसंगातला प्रश्न आणि तिसऱ्याच प्रसंगातलं उत्तर तिने माझ्यासमोर एकमेकांना चिकटवलं. बाप विचारतो, "कुठं चाललास?" आणि मुलगा म्हणतो, "सांगून काय होणार?" चित्रपटात या दोन वाक्यांमध्ये वर्षभराचं अंतर आहे.

"हे खोटं नाही का?" मी विचारलं.

"खोटं कुठं, काका? लांब होते, जवळ बसवले."

हरकत घ्यायला जागा नव्हती. मुलगा खरंच काही सांगत नाही, आणि बाप खरंच विचारत राहतो. माझी हरकत पुढच्या शॉटला होती. दारात बसून एक म्हातारी सुपात तांदूळ निवडतेय. मुलगा बाहेरूनच सांगतो, जमिनीचं झालं. तिचा हात थांबतो. ती वर बघत नाही, बोलत नाही. मग एक खडा उचलून बाजूला टाकते. चित्रपटात हा शॉट बेचाळीस सेकंदांचा आहे. दिग्दर्शकाने तो मला तीनदा दाखवला. तिन्ही वेळा खोलीत कोणी हललं नाही.

ट्रेलरमध्ये तो किती आहे, असं विचारल्यावर ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "अकरा फ्रेम." एका सेकंदाला चोवीस फ्रेम. म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा नाही. हात थांबला हे कळायच्या आत पुढे मोटरसायकल येते.

त्याला कारण होतं आणि ते वितरकाच्या तोंडून फोनच्या स्पीकरवर ऐकायला मिळालं. यूट्यूबवर जाहिरात म्हणून ट्रेलर लावला की पाच सेकंदांनी 'स्किप'चं बटण येतं. "मॅडम, पाच सेकंदांत भांडण दिसलं पाहिजे. म्हातारीवर माणूस पुढं जातो." पाच सेकंद हा शब्द त्या अर्ध्या तासात त्यांनी इतक्यांदा उच्चारला की मी मोजणं सोडलं. माणूस वाईट नव्हता. छोट्या चित्रपटात स्वतःचे पैसे अडकवणारे वितरक आहेत तरी किती? पण त्यांचं ऐकत गेलं तर बेचाळीस सेकंदांच्या म्हातारीचा चित्रपट मोटरसायकलींचा म्हणून विकला जाणार होता, आणि पहिल्या शुक्रवारी मोटरसायकली बघायला आलेली मंडळी मध्यंतरात बाहेर येऊन नको ते बोलणार होती. संथ चित्रपटाचं सर्वांत जास्त नुकसान त्याचा घाईचा ट्रेलर करतो, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

हा धंदा कायम असाच होता असंही नाही. 1913 साली न्यूयॉर्कच्या नील्स ग्रानलुंडने एका नाटकाच्या तालमीची फिल्म थिएटरात दाखवली, ती पहिल्या ट्रेलरांपैकी एक मानतात. त्या काळी असे तुकडे मूळ चित्रपटाच्या मागे जोडायचे, म्हणून नाव ट्रेलर. 1960 मध्ये 'सायको'साठी हिचकॉक सहा मिनिटांहून जास्त वेळ सेटवर नुसता फिरतो, खोल्या दाखवतो, मध्येच बोलायचं थांबतो. खुद्द चित्रपटातला प्रसंग जवळपास नाहीच. कुब्रिकच्या 'द शायनिंग'च्या पहिल्या ट्रेलरमध्ये एकच शॉट: लिफ्टची दारं, आणि त्यांतून येणारा रक्ताचा लोंढा. परदेशी भाषेतले चित्रपट विकताना अमेरिकी वितरकांनी मात्र वेगळीच युक्ती काढली. ट्रेलरमध्ये कोणी बोलतच नाही. संगीत, चेहरे, समीक्षकांची विशेषणं; भाषा कुठली ते तिकीट काढल्यावर कळतं. अशा मुक्या ट्रेलरांवर मी आयुष्यात किती खुणा केल्या असतील!

आणि आपल्याकडचे चित्रपट तर आपल्याला परदेशाहूनच कळतात. 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले सप्टेंबर 2014 मध्ये, तो इथे लागला एप्रिल 2015 मध्ये. 'स्थळ' टोरांटोला दाखवला गेला 2023 च्या सप्टेंबरात; थिएटरात यायला मार्च 2025 उजाडला. 'साबर बोंडं'ने जानेवारी 2025 मध्ये सनडान्सला ज्यूरीचं मोठं बक्षीस घेतलं आणि सप्टेंबरात तो आपल्याला मिळाला. मधले महिने आपण नुसत्या नावावर काढतो. मग दोन-तीन आठवडे आधी दोन मिनिटांचा ट्रेलर येतो आणि इतक्या दिवसांची उत्सुकता त्या दोन मिनिटांत तरते किंवा बुडते. वर पुरस्कारांच्या त्या पानांच्या कमानी. त्या किती वेळ दिसाव्यात यावरही फोनवर वाद झाला. दोन सेकंद ठरले. कमानींना अठ्ठेचाळीस फ्रेम, म्हातारीला अकरा.

फोन ठेवल्यावर कापणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. खाली गिरणी बंद झाली होती. मग तिने काहीच न बोलता सगळी वाक्यं उजवीकडे सरकवली, सुरुवातीला काळा पडदा ठेवला आणि त्यावर नुसता सुपाचा आवाज टाकला. सर्र, सर्र, सर्र. चौथा आवाज येत नाही. तिथे म्हातारीचा थांबलेला हात. पूर्ण पाच सेकंद, वितरकांच्याच हिशेबात बसणारे. "दादा, हे पाठवू?" दिग्दर्शकाने नुसती मान हलवली. मला त्या अंधारात पिठाचा वास येत होता आणि आवाज तांदळाचा होता. एवढं जुळून आलेलं मी कुठल्या महोत्सवातही अनुभवलेलं नाही.

आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा तडजोड झालेली होती. ट्रेलर दोन. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो आधी कुलूपबंद झाला: सुपाने सुरू होणारा. फोनवरचा दुसरा मोटरसायकलीने सुरू होतो, आणि त्यात म्हातारी अकरा फ्रेमच आहे. मी तिला विचारलं, यातला तुझा कुठला? ती म्हणाली, "बिलावर दोन्ही माझेच आहेत, काका."

नाव सांगायचं नाही हे कबूल केलंय. पण थिएटरात दुसराच कुठला चित्रपट बघायला गेलात आणि काळ्या पडद्यावर सुपाचा आवाज आला, तर तोच हा. पुण्यात तूर्त दोनच खेळ ठरलेत, त्यातला एक सकाळी पावणेदहाचा. पहिल्या आठवड्यातच जा, आणि म्हातारीचा हात थांबला की बेचाळीस सेकंद फोन खिशात राहू द्या.