मार्जिन आणि मार्कअप: एकच समजलात तर गल्ला रिकामा!

"सर, मी २५ टक्के मार्जिन ठेवतो," असं बरेच जण सांगतात. हिशोब विचारला की कळतं, ते मार्कअप सांगतायत.

फरक सोपा आहे. १०० रुपयांना आणलेली वस्तू १२५ ला विकली, तर नफा २५ रुपये. हा नफा खरेदी किमतीवर मोजला की मार्कअप: २५ टक्के. विक्री किमतीवर मोजला की मार्जिन: १२५ मध्ये २५, म्हणजे २० टक्केच.

आता घोळ बघा. दिवाळीत तुम्ही २० टक्के डिस्काउंटचा बोर्ड लावता. मनात म्हणता, २५ मधले २० गेले, ५ तर उरले! पण डिस्काउंट विक्री किमतीवर लागतो. १२५ चे २० टक्के म्हणजे २५ रुपये. माल १०० लाच गेला. भाडं, लाईट बिल, कामगाराचा पगार खिशातून. माझ्या पहिल्या सेलला हेच झालं: दुकानात गर्दी, हातात शून्य.

खरंच २५ टक्के मार्जिन हवं? मग खरेदी किमतीला ०.७५ ने भागा. १०० ची वस्तू साधारण १३४ ला विका.

आज रात्री गल्ला मोजताना पाच वस्तूंचं खरं मार्जिन वहीत काढा. बोर्ड नंतर लावा.