वाटाण्याचा अंकुर आणि आकाशातलं बाळ

"काही कळलं का गं, वहिनी?" '२००१ : अ स्पेस ओडिसी' संपला तसं नणंदेनं विचारलं. खरं सांगते मैत्रिणींनो, शेवट मला मुळीच कळला नव्हता. स्टॅन्ले कुब्रिकचा हा चित्रपट १९६८ सालचा. पहिली वीस मिनिटं कुणी बोलतच नाही! वानरासारखा आदिमानव हाड वर भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर अंतराळयान. मधली लाखो वर्षं गडप. शेवटी अंतराळवीर बघता बघता म्हातारा होतो, अंथरुणाला खिळतो, आणि त्याच्या जागी दिसतं गर्भातलं बाळ.

रात्री भांडी आवरताना मला एकदम आपले दादासाहेब फाळके आठवले. जन्म इथल्या त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. १९१२ साली त्यांनी मुंबईत कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. दिवसांमागून दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत! ती फिल्म दाखवूनच त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज उभं केलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं कामही त्याच करीत. (हे मेलं एका ओळीत उरकतात सगळे.) १९१३ साली फाळके नाशिकला आले.

काळ असा दाबून बसवला, की एरवी न दिसणारी वाढ दिसते. मला वाटतं, कुब्रिकनं अख्ख्या माणूसजातीचा वाटाणाच पेरलाय. तो म्हातारा मरत नाही, रुजतो.

सकाळी नणंदेला हे सांगितलं. ती म्हणाली, "असेल. पण त्या बाळाची आई कुठाय?"

मी चहाचं आधण ठेवलं.