वर्गाचा हजेरीपट

शाळा सोडून चाळीस-पन्नास वर्षे झालेल्या माणसांनी पुन्हा एकत्र जमण्याची रीत आता गावोगाव रूढ झाली आहे. सभागृह ठरते, भोजनाचा बेत ठरतो, हयात असलेल्या एखाद्या वृद्ध गुरुजींना शाल-श्रीफळ अर्पण केले जाते, सर्वांचे मिळून एक छायाचित्र निघते. आणि स्वागतगीत व मनोगते यांच्या मध्ये कोठेतरी, दिवंगत वर्गमित्रांसाठी सारे जण दोन मिनिटे उभे राहतात. या मेळाव्यांची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. निवृत्त माणसांना दुसरा उद्योग नाही, म्हणून हे पोरखेळ सुचतात, असा त्यांचा अभिप्राय असतो. आम्हांस ही थट्टा मान्य नाही. कार्यक्रमपत्रिकेत ज्या दोन मिनिटांना सर्वांत थोडी जागा मिळते, तीच या साऱ्या खटाटोपाचे खरे प्रयोजन होत, असे आमचे मत आहे. ते नीट मांडण्यासाठी आज आम्ही वाचकांना समुद्रापासून दूर, माळव्यात, इंदूरच्या मल्हारगंजात नेऊ इच्छितो.

गोमंतकीय वाचकाला इंदूर अगदीच परके नाही. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची थोरली कन्या लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मली ती इंदुरात. आपल्या किनाऱ्यावरच्या चिपळुणात जन्मलेल्या सुमित्रा महाजन सासरच्या या शहरातून १९८९ पासून आठ वेळा लोकसभेवर निवडून गेल्या. होळकरांची राजधानी १८१८ च्या तहानंतर इंदुरात स्थिरावली आणि तिच्यामागून कारकून, वैद्य, शिक्षक, शिलेदार, पुराणिक अशी मराठी माणसांची घरे तेथे वसत गेली. मराठी साहित्य संमेलन या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वर्षी भरले. महाराष्ट्राच्या सीमेबाहेरच्या शहराला असा मान तीनदा मिळावा, ही मराठीच्या तेथील मुळांची साक्ष आहे.

मल्हारगंज हा याच शहराच्या जुन्या, पश्चिमेकडील भागातला मोहल्ला. मल्हाररावांचे नाव मिरवणारा. राजवाडा पायी जाण्याजोगा, बडा गणपती हाकेच्या अंतरावर. रंगपंचमीला रंगाची जी मोठी मिरवणूक निघते, जिला तेथे गेर म्हणतात, तिच्यासाठी येथील टोरी कॉर्नर प्रसिद्ध आहे. मराठी, माळवी, मारवाडी, गुजराती, उर्दू अशा भाषा एका गल्लीत नांदल्यामुळे येथल्या मराठी मुलाची मराठीही हिंदीच्या वळणाने चालणारी. पुण्याचा पाहुणा तिला हसे, आणि मुलाला त्या हसण्याचे काही वाटत नसे; कारण वर्गात सारे तसेच बोलत. साठी-सत्तरी ओलांडलेले मित्र आजही भेटले, की पदव्या, हुद्दे, मानमरातब बाजूला राहतात आणि ‘भिया’ या इंदुरी संबोधनाने बोलण्यास आरंभ होतो.

अशा वर्गाचे एक वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. स्वातंत्र्यापूर्वी मध्य भारतातील संस्थानांची मुले मॅट्रिकला अजमेरच्या बोर्डाकडे बसत. १९४८ साली होळकरांचे राज्य मध्य भारत संघात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तोही संघ मध्य प्रदेशात मिसळून गेला. एकाच घरातल्या आजोबा, वडील आणि मुलगा यांच्या शाळेच्या दाखल्यांवर तीन निरनिराळ्या राज्यांची नावे असावीत, असा हा इतिहास. राज्ये बदलली, बोर्डे बदलली, पुढे माध्यमही बदलले. शहरातील मराठी घरांतल्या मुलांचे शिक्षण हळूहळू हिंदीकडे आणि इंग्रजीकडे वळले. नोकरीसाठी मुले पुण्याला, मुंबईला, बंगळूरला आणि सातासमुद्रांपलीकडे गेली. जुने वाडे पाडून त्या जागी दुकाने व सदनिका उभ्या राहिल्या. ज्या गल्लीत आपण वाढलो, ती गल्ली दाखवून मुलांना काही सांगावे, तर दाखवायला गल्लीच तशी उरलेली नाही. उरले आहेत ते त्या गल्लीतून शाळेला गेलेले सोबती.

म्हणूनच वर्गमित्राच्या मृत्यूचे दुःख इतर दुःखांहून निराळे असते. मनुष्य सत्तराव्या वर्षी जातो, तेव्हा त्याच्यासाठी रडणारी माणसे कोण असतात, याचा विचार करून पाहावा. पत्नीने त्याला पंचविशीपासून ओळखलेले असते. मुलांनी पाहिलेला असतो तो कर्ता, काळजीने पोक्त झालेला बाप. कचेरीतील सहकाऱ्यांना ठाऊक असतो तो त्याचा हुद्दा. आईवडील आधीच गेलेले असतात, थोरली भावंडेही बहुधा नसतात. मग हा मनुष्य तेरा वर्षांचा असताना कसा होता, गणिताच्या तासाला त्याचा घसा कसा कोरडा पडे, कोणत्या अन्यायापायी तो मास्तरांशी भांडला होता आणि कोणत्या मुलाच्या डब्यातील भाकरी त्याने आपली म्हणून खाल्ली होती, हे आता जगात कोणाला ठाऊक आहे? ते ठाऊक आहे केवळ त्याच्या बाकावर बसणाऱ्यांना. त्याच्या आयुष्याची पहिली पंधरा वर्षे त्यांच्या स्वाधीन आहेत. त्यांच्यापैकी शेवटचा गेला, की तो मुलगा दुसऱ्यांदा आणि कायमचा जाईल.

बालपणीच्या सोबत्याचे हे स्थान किती खोल असते, याचे एक उदाहरण इंदुरातच सापडते. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात झाला आणि ते वाढले इंदुरात. तेथील चित्रशाळेत दत्तात्रय देवळालीकर यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे आणि विष्णू चिंचाळकर घडले, आणि हुसेन यांचेही प्रारंभीचे धडे तेथेच झाले. पुढे या मनुष्याने जग पालथे घातले, अमाप कीर्ती मिळवली, अमाप वादही ओढवून घेतले. २००६ नंतर त्यांना मायदेशाबाहेर राहावे लागले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. आपल्या चित्रांतील रामायण कोठून आले, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या या कलावंताने परदेशातून दिलेल्या मुलाखतीत केवळ पंडितांचा वा ग्रंथांचा हवाला दिला नाही. आपण लहानपणी एका मित्राबरोबर रामलीलेचा खेळ करीत असू, असे त्यांनी सांगितले आणि त्या मित्राचे नाव घेतले. त्यांच्यावर खटले भरणाऱ्यांना ते नाव ठाऊक नव्हते, आणि त्यांची चित्रे कोट्यवधी रुपयांना घेणाऱ्यांनाही नव्हते. तथापि आपण कोण आहोत याची साक्ष काढताना त्या वृद्धाला आठवला तो आपल्या लहानपणाचा सवंगडी.

दूर गेलेल्या सोबत्यांनी एकमेकांचा ठावठिकाणा राखावा कसा? मागील पिढीला टपालाचे कार्ड पुरे होते. मृत्यूची वार्ता असेल तर कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. ते वाचताच फाडून टाकायचे आणि घरात ठेवायचे नाही, असा रिवाज होता. नंतर दूरध्वनी आला. आता प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे आणि प्रत्येक वर्गाचा त्यावर एक गट आहे. सकाळच्या फुलांच्या चित्रांनी आणि उसन्या सुविचारांनी हे गट तुडुंब भरतात, हे खरे. पण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, याच गटांनी खाट कोठे रिकामी आहे, प्राणवायू कोठे मिळेल, याची चौकशी रात्ररात्र केली. गेलेल्याला खांदा देण्यासही ज्या दिवसांत कोणाला जाता येत नव्हते, त्या दिवसांत मित्रांनी आपापल्या घरी बसून एकमेकांचे सांत्वन केले. इंदुरात २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे गेर निघाली नाही. २०२२ साली ती पुन्हा निघाली, तेव्हा गुलालाने न्हालेल्या त्या गर्दीत नेहमीच्या कोपऱ्यावर उभे राहणाऱ्या किती मंडळींनी आपल्या शेजारची रिकामी जागा पाहिली असेल, याची गणना कोणी केलेली नाही.

येथवर सारे ठीक. परंतु मेळावे भरविणाऱ्यांना एक अप्रिय प्रश्न विचारणेही आमचे कर्तव्य आहे. तुमच्या यादीत नेमके कोण आहे? सामान्यतः ही यादी यशस्वी लोकांची असते. अभियंता सापडतो, डॉक्टर सापडतो, अमेरिकेतला तर सर्वांच्या आधी सापडतो. नववीत नापास होऊन शाळा सोडलेला सापडत नाही, कारण त्याला कोणी शोधलेलेच नसते. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तेथील कामगारांची थकित देणी मोकळी होण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. या बत्तीस वर्षांत वाट पाहतच मरण पावलेले कामगार थोडेथोडके नाहीत. तेही कोणत्या ना कोणत्या शाळेच्या हजेरीपटावर होते. त्यांच्या शेजारी बसणारा कोणीतरी आज निवृत्त अधिकारी असेल. आपला सोबती गिरणीच्या बंद दाराशी किती वर्षे खेटे घालीत होता, हे त्याला ठाऊक आहे काय?

मुलींची गोष्ट याहून कठीण. लग्नानंतर आडनाव बदलले, पुष्कळ घरांत तर माहेरचे नावही पुसले गेले. पन्नास वर्षांनी तिला शोधायचे तर कोणत्या नावाने? ती गेली असेल, तर तिच्या मृत्यूची वार्ता निराळ्याच नावाने छापून आली असेल आणि तिच्याबरोबर शिकलेल्यांनी ती वाचूनही ओळखली नसेल. ज्या वर्गाने अशा नावांचा शोध घेतला नाही, त्याने दोन मिनिटे उभे राहून नेमकी कोणाची आठवण केली, हा प्रश्न उरतोच.

हा विषय केवळ माळव्याचा नाही, म्हणून आम्ही तो येथे काढला. आमच्या गोव्यातही १९ डिसेंबर १९६१ रोजी राज्य बदलले आणि त्याबरोबर शाळाही बदलल्या. पणजीच्या लिसेवमध्ये पोर्तुगीज अमदानीत शिक्षण पुरे केलेली अखेरची पिढी आता ऐंशीच्या पलीकडे आहे. तिच्यातील कोणी येथे आहेत, कोणी मुंबईत, कोणी लिस्बनमध्ये. त्याच काळात खेडोपाडी, देवळाच्या ओसरीत वा कोणाच्या सोप्यावर चालणाऱ्या मराठी शाळांतून शिकलेली मुलेही आज तितकीच वृद्ध आहेत. पहिल्यांच्या शाळेची भाषा गेली. दुसऱ्यांच्या शाळेचे दप्तर बहुधा कधी ठेवलेच गेले नाही. मल्हारगंजातील मराठी घराची जी व्यथा, तीच थोड्या फरकाने यांचीही. वर्ग ज्या जगात भरला होता, ते जग मावळले की त्या वर्गाला वारस राहत नाहीत. त्याची हकीगत त्यातील मुलांनीच सांगितली पाहिजे, आणि ती सांगणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

यास्तव आमचे काही सांगणे आहे. पहिले शाळांना. प्रवेशाचे जुने रजिस्टर आणि हजेरीपट हे रद्दीचे कागद नव्हेत. वाळवी, ओल आणि स्थलांतर यांपासून ते वाचवावेत, त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. दुसरे वर्गमित्रांना. पुढचा मेळावा भरविण्यापूर्वी तो हजेरीपट मिळवा आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत प्रत्येकाचा शोध घ्या. नापासांचा, अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्यांचा, नाव बदललेल्या मुलींचाही. जे गेले, त्यांच्याविषयी प्रत्येकाने एक-एक पान लिहावे. गौरवाचे नको, आठवणीचे हवे. तो कसा दिसे, काय खाई, कशाने रडे, एवढे पुरे. आणि ते पान त्याच्या मुलांच्या हाती नेऊन द्यावे. आपल्या बापाला वा आईला लहानपण होते, हे पुष्कळ मुलांना प्रथमच कळेल. तिसरे, ज्या सोबत्याच्या घरी त्याची वृद्ध पत्नी वा पती एकटा राहतो, त्या घराचे दार वर्षातून दोनदा तरी ठोठावावे. त्या घरास पैशांची गरज असेल तर ती गाजावाजा न करता भागवावी. छायाचित्र काढू नये.

शाळेत हजेरी घेताना एखादे नाव पुकारले जाई आणि तो मुलगा आलेला नसे, तेव्हा मास्तर पुढे जाण्यापूर्वी क्षणभर थांबत. मागून कोणीतरी सांगे, त्याला ताप आला आहे, तो मामाच्या गावी गेला आहे, त्याच्या घरी पाहुणे आहेत. गैरहजर असलेल्याची बाजू मांडण्याचे काम त्या वयात वर्गमित्रांकडे आपोआप येई आणि ते कोणी टाळीत नसे. मल्हारगंजातल्या, म्हापशातल्या, मालवणातल्या आणि जगभर पांगलेल्या सर्व वर्गांना आमची विनंती इतकीच, की ते काम त्यांनी याही वयात टाळू नये.