“तिचा स्वभावच तसा” म्हणण्याआधी

सखींनो, गावात एखादी बाई अशी असते, सकाळी गळ्यात गळा घालते आणि संध्याकाळी एवढ्याशा शब्दावरून कडाडून भांडते. “मला सोडून जाऊ नका” म्हणून रडते, भरात स्वतःलाच इजा करून घेते. आपण म्हणतो, “नाटकं करते,” नाहीतर “बाहेरचं काहीतरी आहे.” पण वर्षानुवर्षे असंच चालत असेल, नाती मोडत असतील, तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात.

याला इलाज नाही, असं पूर्वी बऱ्याच डॉक्टरांनाही वाटायचं. अमेरिकेत सिएटल इथल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ते तपासून पाहिलं. असा त्रास असलेल्या ४४ बायकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला वर्षभर नवी पद्धत. त्यात दर आठवड्याला एकटीशी बोलणं, शिवाय आपल्या गटासारखी बैठक. बैठकीत काय शिकवायचं? राग आला तर आधी थांबायचं कसं, हवं ते न भांडता मागायचं कसं, वाईट वेळ निभवायची कशी.

१९९१ साली निकाल छापून आला. नव्या पद्धतीच्या गटात स्वतःला इजा करणं कमी झालं, दवाखान्यात भरती राहण्याचे दिवस घटले आणि उपचार मध्येच सोडणाऱ्याही कमी निघाल्या. पुढे २०११ मध्ये लिनेहान यांनी स्वतःच सांगितलं, की तरुणपणी त्याही अशाच त्रासाने मनोरुग्णालयात भरती होत्या.

मग नुसती गोळी का नाही? ब्रिटनमध्ये २७६ रुग्णांवर लॅमोट्रिजिन हे औषध तपासलं. २०१८ च्या निकालात ते औषध आणि नकली गोळी यांत फरक दिसला नाही. म्हणजे या आजारात बोलणं आणि शिकणं हाच मुख्य उपचार. पण चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. नवरा मारतो म्हणून चिडणारी बाई आजारी नसते. आजार आहे की नाही, हे मानसोपचार तज्ज्ञच ठरवतील. आपण शिक्का मारायचा नाही.

आपलं काम एवढंच: तिला हसायचं नाही, बैठकीतून काढायचं नाही. ती जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर तिला एकटी सोडू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.