आठ तासांचा ‘हॉबिट’, चार तासांचा बिल्बो

‘बाहुबली : द एपिक’ ३१ ऑक्टोबर २०२५ ला पडद्यावर आला आणि चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली: राजामौलींनी काय उडवलं? शिवुडू-अवंतिकाचं प्रेमप्रकरण बहुतेक सगळं गेलं, गाणी गेली, दोन सिनेमांचा मिळून पावणेचार तासांचा एक झाला. स्वतःच्या कामाला दिग्दर्शकानं कात्री लावली तर त्यात कुणाचं काही अडत नाही. त्याआधी तीनच महिने, १ ऑगस्टला, ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ पुन्हा प्रदर्शित झाली. तिचा शेवट निर्मात्या कंपनीनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं बदललेला होता. मरणारा नायक त्यात जगतो. दिग्दर्शक आनंद राय आणि धनुष या दोघांनीही जाहीर विरोध केला, पण उपयोग झाला नाही.

तिसरी कात्री प्रेक्षकाच्या हातात असते आणि मला सगळ्यात जास्त रस तिच्यात आहे. ती पैशासाठी चालत नाही. आवडत्या गोष्टीचं सिनेमानं नुकसान केलं, असं मनापासून वाटणारी माणसं घरच्या संगणकावर बसून तो सिनेमा पुन्हा जोडतात. या फॅन-एडिटांची चाल २००० साली ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या भागावर झालेल्या ‘फँटम एडिट’नं रूढ केली. माइक निकोल्स नावाच्या संकलकानं तो सिनेमा सुमारे अठरा मिनिटांनी कमी केला आणि त्याच्या व्हिडिओ कॅसेट हातोहात फिरल्या. पण या मंडळींचा मोठा कारखाना उभा राहिला तो टॉल्किनच्या ‘हॉबिट’वर.

त्याचं कारण आकड्यांतच आहे. टॉल्किनच्याच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन जाडजूड खंड आणि त्यांवर तीन सिनेमे, हा हिशेब पटण्यासारखा होता. मुग्धा कर्णिकांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ ज्यांनी हातात धरलाय, त्यांना त्या कथेचं वजन सांगायला नको. ‘हॉबिट’ मात्र १९३७ सालचं, मुलांसाठी लिहिलेलं, एकोणीस प्रकरणांचं पुस्तक. मराठीत ते मीना किणीकरांनी आणलं. आधी त्याचे दोन सिनेमे होणार होते. जुलै २०१२ मध्ये, चित्रीकरण जवळपास उरकल्यावर, तीन करायचं ठरलं. २०१२, २०१३ आणि २०१४ या तीन डिसेंबरांत आलेल्या त्या सिनेमांची लांबी १६९, १६१ आणि १४४ मिनिटं, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ आठ तास. आधीचा दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो २०१० मध्ये बाहेर पडला आणि आपल्याला तयारीला पुरेसा वेळच मिळाला नाही, हे त्याच्या जागी आलेल्या पीटर जॅक्सननं नंतर स्वतः कबूल केलं.

मग जागा भरायची कशानं? ‘हॉबिट’ कादंबरीत नसलेला, ‘रिंग्ज’मधला लेगोलस आला. टॉरिएल ही योद्धी नव्यानं घडवली आणि तिला किली नावाच्या बुटक्याच्या प्रेमात पाडलं. पुस्तकात केव्हाच मेलेला ऑर्क सरदार अझोग तिन्ही सिनेमांत जिवंतपणी पाठलाग करत राहिला. जादूगार गॅन्डाल्फ मधेच कुठे नाहीसा होतो, हे पुस्तक ओझरतं सांगून सोडून देतं. सिनेमानं त्याचं डोल गुल्दूर या किल्ल्यातलं वेगळं उपकथानक केलं.

तिसरा सिनेमा येऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये ‘टॉल्किन एडिट’ आला. करणाऱ्यानं नाव दिलं नाही, फक्त टोपणनाव. तीन सिनेमांचा त्यानं चार तासांच्या आसपासचा एकच सिनेमा केला. डोल गुल्दूर पूर्ण बाहेर, प्रेमकथा बाहेर, टॉरिएल तर पात्र म्हणूनच नाही, लेगोलस एका प्रसंगापुरता. म्हाताऱ्या झालेल्या नायकाची, बिल्बोची, प्रस्तावनाही गेली. हा शेवटचा काप मला सगळ्यात हुशार वाटतो. मूळ सिनेमा राज्य, सोनं आणि ड्रॅगन दाखवून सुरू होतो. इथे तो एका सुखवस्तू, घरबशा माणसाच्या दारात सुरू होतो. जग पुढे हळूहळू मोठं होत जातं आणि त्याची भीतीही बिल्बोबरोबरच आपल्याला वाटू लागते.

यानंतर आवृत्त्यांचा पूर आला. अभिनेता टोफर ग्रेसनं तर ‘ब्लॅकक्लान्समन’मध्ये वर्णद्वेष्ट्या पुढाऱ्याची भूमिका करताना मन हलकं करायला ‘हॉबिट’ दोन तासांत बसवला. बाकीच्यांतली ‘मेपल फिल्म्स’ची आणि ‘एम-फोर’ या टोपणनावाची आवृत्ती जाणकार सगळ्यात वर धरतात. दोन्ही साधारण चार तासांच्या आहेत. त्यांची सफाई पहिल्या ‘टॉल्किन एडिट’पेक्षा बरीच पुढची, कारण नंतर डिस्कवर आलेल्या वाढीव आवृत्त्यांचा माल हाताशी होता. बुटके बेऑर्नच्या दारात जोडीजोडीनं येतात तो पुस्तकातला गमतीदार प्रसंग, जादूच्या ओढ्यात पडणारा बॉम्बूर आणि बुटक्यांचा राजा थोरिन याचा अंत्यविधी हे सगळं फक्त तिथेच आहे. मेलेल्या राजाच्या छातीवर ज्या रत्नासाठी युद्ध झालं ते रत्न ठेवतात, हा प्रसंग थिएटरात दाखवलाच गेला नव्हता. लढाईला सिनेमाचा मोठा हिस्सा देऊन अंत्यविधीला जागा न ठेवणारा दिग्दर्शक कुठे चुकला, हे दाखवायला एवढा एक प्रसंग पुरे.

नुसतं कापणं सोपं असतं. जिथे कापलं तिथे सांधा दिसू नये, याला कसब लागतं. दुसऱ्या सिनेमाच्या शेवटी बुटके सोनं वितळवून स्मॉग ड्रॅगनवर ओततात आणि तो सोन्यानं माखून गावावर झेप घेतो. पुस्तकात यातलं काहीच नाही, म्हणून ते कापायचं. पण मग अंगभर सोनं घेऊन डोंगराबाहेर पडणाऱ्या ड्रॅगनचं काय करायचं? काहींनी ते सोनं संगणकावर चित्रामागून चित्र घेत पुसून काढलं. पार्श्वसंगीताचंही तेच: प्रसंग मधूनच तोडला की सूर तुटतो आणि कानाला ते डोळ्याआधी कळतं.

आवृत्त्या ताडून पाहताना बहुतेक जण पुस्तकातलं किती राहिलं, एवढंच मोजतात. मला ती मोजपट्टी अपुरी वाटते. गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी दिसते, हे आधी बघावं. पुस्तकात पाच सैन्यांच्या शेवटच्या लढाईत बिल्बोच्या डोक्यावर दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. टॉल्किननं लढाई थोडक्यात आटोपली, कारण ती त्याच्या नायकाची नव्हती. चार तासांच्या चांगल्या आवृत्त्या हे ओळखतात. दोन तासांत गोष्ट बसवायला गेलं की बिल्बोचाच संकोच, त्याची घरची ओढ आणि कोड्यांच्या खेळातली भीती आखडते.

पण टॉरिएलला काढण्याबद्दल मला एक शंका कायम आहे. तिच्याबरोबर प्रेमकथा जाते, ते बरंच. डोल गुल्दूर काढलं की गलाद्रिएल या एल्फ राणीचंही मुख्य काम जातं. मग चार तासांत कथेला वळण देणारी एकही बाई उरत नाही. पुस्तकातही ती नाही, हे खरं. पण निष्ठा म्हणून आपण काय परत आणतोय, याचा विचार एखाद्या तरी संकलकानं करायला हवा होता.

इथे मला शहापूर तालुक्यातला बोहाडा आठवतो आणि तो या विषयाशी अगदी जवळचा आहे. पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, जव्हार-मोखाड्यापासून शहापूर-मुरबाडकडच्या गावांपर्यंत, उन्हाळ्याच्या तोंडावर रात्रभर मुखवट्यांचा हा उत्सव चालतो. आधी गणपती, मग सरस्वती. त्यानंतर एकेक सोंग येतं: रावण, त्राटिका, नरसिंह, भीम आणि बकासुर. संबळ-पिपाणी वाजते, सोंग नाचत फेरी घेतं आणि जातं. संवाद जवळपास नाहीतच. रामायणातल्या एका प्रसंगाच्या पाठोपाठ महाभारतातला आला, तरी कुणाला खटकत नाही. शेवटी देवी आणि महिषासुर. कोणतं सोंग कुणी नाचवायचं, याचा मान घराण्यांत ठरलेला असतो आणि देवीचं सोंगही परंपरेनं पुरुषच नाचवतात.

प्रसंग निवडून बाकीचं सोडून देणं, तेही पिढ्यान्‌पिढ्या! हे चालतं, कारण मधलं सगळं समोर बसलेल्या माणसांच्या डोक्यात आधीपासून असतं. आजीनं सांगितलेलं, कीर्तनात ऐकलेलं, त्यानं ती रिकामी जागा भरते. फॅन-एडिटही याच पायावर उभे असतात. बुटके अचानक नदीकाठी दिसले तरी पुस्तक वाचलेला प्रेक्षक गोंधळत नाही, मधलं पान त्याला ठाऊक असतं. पण आसनगाव लोकलमध्ये कामाला जाताना मोबाइलवर हिंदीत डब केलेला ‘हॉबिट’ बघणाऱ्या मुलानं पुस्तक पाहिलेलंच नाही. त्याला किलीच्या मरणाचं दुःख टॉरिएलच्या रडण्यातूनच पोचतं. ती काढली तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून फॅन-एडिटांची तुलना करताना पुस्तक न वाचलेल्या एखाद्याला शेजारी बसवावं. या परीक्षेत मला ‘मेपल’ची आवृत्ती सरस वाटते, ‘टॉल्किन एडिट’ वाचकांची आहे आणि वाचकांनी ती जरूर बघावी.

कायद्याचं थोडक्यात. फॅन-एडिटांना सरळ मुभा देणारी तरतूद आपल्याकडे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ तर कलाकृतीची मोडतोड झाल्यास कर्त्याला दाद मागू देतं आणि सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार थिएटरात सिनेमाची चोरटी प्रत काढणं तुरुंगात नेऊ शकतं. परदेशातल्या या मंडळींनी स्वतःवर घातलेले दोन नियम आहेत: एडिट विकायचा नाही, आणि मूळ डिस्क विकत घेतलेल्यानंच तो बघायचा. हे नियम प्रामाणिक आहेत, पण कोर्टात ढाल म्हणून उभे राहतील असं नाही.

‘हॉबिट’ कितीही वेळा कापला तरी मूळ आठ तास डिस्कवर शाबूत आहेत. बोहाड्याची अशी मूळ प्रत कुठे आहे? आता गावोगावची पोरं मोबाइल घेऊन उभी असतात आणि दोन-दोन मिनिटांचे तुकडे टाकतात. बहुतेक नरसिंहाचे, कारण ते सोंग जोरकस. मधली शांत सोंगं, दोन सोंगांमधली वाट बघणारी गर्दी, पहाटे थकलेला संबळ हे कुणी घेत नाही. शहापूर-मुरबाडच्या कॉलेजांतल्या ज्या मुलांना आज संकलनाचं वेड आहे, त्यांनी येत्या उन्हाळ्यात आपल्या गावची एक रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही काप न देता चित्रित करावी. सोंग नाचवणाऱ्या घरांची परवानगी घ्यावी, कोणतं सोंग कुणाच्या मानाचं ते लिहून ठेवावं आणि एक प्रत गावात ठेवावी. त्यातून काय निवडायचं, ते नंतर हवं तसं ठरवता येईल.