अ‍ॅक्युपंक्चर आणि आपला विदर्भ

गडचांदूरकर मंडळी, सुयांच्या या चिनी उपचाराच्या भारतातल्या कहाणीत विदर्भाचाही धागा आहे!

१९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसूंनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणलं.

चिनी परंपरेनुसार ‘ची’ ही प्राणशक्ती बारा मुख्य वाहिन्यांतून फिरते. ती अडली की दुखणं सुरू होतं. ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून ती वाट मोकळी करतात. ‘ची’ कुठल्याही यंत्रानं मोजता आलेली नाही. मात्र सुयांनी मज्जातंतू चेतवले जाऊन एंडॉर्फिन ही शरीरातली वेदनाशामक द्रव्यं स्रवतात, असं आधुनिक स्पष्टीकरण आहे. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखीत काहींना आराम पडतो.

उपचार घेताना लक्षात ठेवा:
• महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा कायदा आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा.
• सुया निर्जंतुक, नव्या आणि एकदाच वापरायच्या हव्यात.
• गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा.
• चालू औषधं मनानं बंद करू नका.

घरातल्या दुखणाईतांपर्यंत ही माहिती नक्की पोचवा.